राशीचे फुटाणे

हल्ली मिठाईच्या दुकानापुढून जाताना माझे हात शिवशिवतात. पेढ्यांचं ताट सपाट ठेवलेलं असतं, बर्फीची तुटकी बाजू गिऱ्हाइकाकडे असते आणि लाडवांच्या मागे दुकानदाराचा ओला पंचा वाळत असतो. मागच्या महिन्यात मला राहवलं नाही. मी पुढे होऊन चार पेढे सरळ केले. दुकानदाराने ते चारही पेढे पुडीत बांधून माझ्या हातात दिले आणि पैशासाठी हात पुढे केला. घरी सून म्हणाली, "मामंजी, आता लोकांची दुकानं लोकांना लावू द्या." तिचं बरोबर आहे. पण तीस-बत्तीस वर्षं जे हात हेच काम करत होते, त्यांना ते कळायला थोडा वेळ लागणार.

खाण्याच्या दुकानांची मांडणी करणं हे माझं काम होतं. हलवाई, फुटाणेवाले, फराळाची दुकानं, क्वचित एखादा किराणावाला. आपला बुलढाणा जिल्हा तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता, सरकार नागपुरात होतं आणि माशा सगळीकडे होत्या. सणाच्या, जत्रेच्या किंवा एखाद्या साहेबाच्या दौऱ्याच्या आधी दुकानदार मला बोलवत. मी जाऊन माल असा मांडून देई की रस्त्याने जाणाऱ्या माणसाचा पाय अडखळावा. सगळे मला मास्तर म्हणत. शाळेत मी मराठी चौथीपर्यंतच गेलो होतो, त्यामुळे ती पदवी मला फार आवडे.

ही कला मी देवळात शिकलो. मलकापूरच्या आमच्या आळीतल्या मंदिरात दिवाळीच्या पाडव्याला अन्नकूट होई. भाताचा डोंगर, त्याभोवती लाडू, करंज्या, भाज्यांच्या वाट्या, सगळं देवापुढे रचायचं. एका वर्षी पुजाऱ्याचा हात मोडला होता म्हणून मी रचलं. आरतीला आलेले गोविंदशेट हलवाई देवाकडे कमी आणि लाडवांकडे जास्त पाहत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला दुकानात बोलावून घेतलं. जो देवाला गुंतवून ठेवतो तो गिऱ्हाइकाला सहज ठेवील, असा त्यांचा हिशेब होता.

आता थोडी आतली गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याने कोणाचं नुकसान व्हायचं राहिलेलं नाही. परातीच्या मागच्या कडेखाली वीट ठेवायची, म्हणजे परात रस्त्याकडे झुकते आणि माल दुप्पट दिसतो. ढिगाच्या पोटात टोपली पालथी घालायची, म्हणजे दोन पायली चिवड्याचा आठ पायली होतो. पिवळ्याशेजारी पिवळं ठेवायचं नाही. जिलेबीच्या खाली केळीचं पान हवं. मोडका माल तळाशी. आणि दुकानदाराला शक्यतो मागे बसवायचं, कारण बरेच दुकानदार पाहून भूक मरते.

गोविंदशेटच्या दुकानात मी मुंबईहून आलेला एक मोठा आरसा जिलेबीच्या परातीमागे लावला. एक परात दोन दिसू लागल्या. शेट खूश झाले. आठ दिवसांनी त्यांनी मला बोलावून आरसा काढायला लावला. आरशात जिलेबीबरोबर तराजूची मागची बाजूही दिसत होती, आणि मागच्या बाजूला शेटचा अंगठा होता. "मास्तर, आरसा वाईट नाही," शेट म्हणाले, "पण तो फार पाहतो."

बुलढाण्याला कचेरीजवळ एका फराळाच्या दुकानात मला वेगळंच काम मिळालं. तारखेच्या दिवशी दोन्ही पक्षांचे साक्षीदार तिथेच खायला येत, दोन बाकांवर समोरासमोर बसत. आपल्या साक्षीदारांचे लाडू मोठे आहेत हे प्रत्येक पक्षकाराला दिसलं पाहिजे, अशी मालकाची अट होती. मी लाडवांची दोन ताटं अशी तिरपी मांडली की ज्या बाकावर बसावं तिथलं ताट मोठं वाटे. दोन महिने दुकान जोरात चाललं. मग एका खटल्यात एक साक्षीदार चूळ भरायला उठला, परतताना पलीकडच्या बाकावर बसला आणि दुपारी कोर्टात त्याची साक्षही तिकडचीच झाली. हरलेल्या पक्षाच्या वकिलाने मला शोधत मलकापूर गाठलं होतं.

असं माझं नाव जिल्हाभर झालं आणि मला शिंगं फुटली. याच काळात अमडापूरच्या सरूबाई मला न्यायला आल्या.

सरूबाई पन्नाशीच्या, नवरा जाऊन दहा-बारा वर्षं झालेल्या. फुटाणे भाजून विकत. भट्टी स्वतःची, हात स्वतःचे. देवीच्या जत्रेच्या तीन दिवसांत जे विकलं जाई त्यावर त्यांचं वर्ष निघे, कारण देवीला फुटाणे-रेवड्या वाहायच्या आणि घरी जाताना फुटाणे न्यायचे ही तिथली रीत. दिरांनी कधीचं सांगून ठेवलं होतं की दुकान जमत नसेल तर ते बंद करून आमच्याकडे येऊन राहा, शेतात काम करा. त्या घरी काय वाट्याला येईल हे सरूबाईंना ठाऊक होतं. आणि त्या वर्षी चिखलीचा एक फुटाणेवाला काचेचं कपाट घेऊन जत्रेत यायचा होता.

"मास्तर, मले त्या कपाटासारकं काही लावून द्या," त्या म्हणाल्या. "लोक तिकडं पाहून राह्यले त मायाकडं येतीन काऊन?"

मी म्हणालो, "मावशी, कपाट काय घेऊन बसलात. तुमचं दुकान असं लावतो की लोक कपाटाकडे पाठ करतील."

यातला शब्द न् शब्द खरा ठरला, हे पुढे येईलच.

जत्रेच्या आदल्या दिवशी मी अमडापूरला पोचलो. सरूबाईंनी पंधरा दिवस भट्टीपुढे बसून पोत्यामागून पोती फुटाणे भाजले होते. पिवळेधमक, एकसारखे फुटलेले, हातात घेतले की सालपट आपोआप सुटावं असे. मी माझी मोठी टोपली काढली, ढिगाच्या पोटात घालायला. सरूबाईंनी ती उचलून बाजूला ठेवली.

"आत टोपलं कायले?"

"माल जास्त दिसतो."

"जास्त हायच ना माल. सारा बाहेर येऊ द्या. मले विकाचं हाय, दडवाचं नाई."

मला हा अडाणीपणा वाटला. पण मालकिणीपुढे काय बोलणार. सगळीच्या सगळी पोती मी रिकामी केली. जमीन शेणाने सारवून घेतली, वर पांढरं धोतर अंथरलं आणि त्यावर फुटाण्यांचा ढीग घातला. चार तास लागले. कुठे फुगवटा नाही, कुठे खळगा नाही, टोक असं की त्यावर एकच दाणा बसावा. पायथ्याभोवती पांढऱ्या राखेची बारीक रेघ ओढली, पिवळ्याला उठाव यावा म्हणून. टोकावर झेंडूचं फूल ठेवलं. पुढे लाकडी फळ्यांची पायरी होती, ती गावच्या सुताराने बिनबोभाट करून दिली होती. लांब जाऊन पाहिलं आणि खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली मांडणी होती.

सरूबाई आल्या, पाहिलं, आणि त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या.

"मास्तर, हे लईच नीट झालं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "थोडं इस्कटा."

"विस्कटू?"

"हाव. एका अंगानं तरी. हे त राशीवानी दिसून राह्यलं."

मी हसलो. मी मलकापूरच्या कापूसबाजारात वाढलेला; खळं मी आगगाडीच्या खिडकीतून पाहिलं होतं. खळ्यावर धान्याची मळणी झाली की त्याची रास घालतात, तिच्याभोवती राखेची रेघ ओढतात, तिची पूजा होते आणि मालकाने मुहूर्ताने पहिलं माप काढेपर्यंत त्या राशीला कोणी बोट लावत नाही, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. सरूबाईंनी सांगितलं, ते मी कानाआड केलं. माझ्या मांडणीत खोट काढायला फुटाणे भाजणारी बाई कोण, असंच माझ्या मनात होतं.

सकाळी जत्रा भरली. खळी नुकतीच उरकली होती, शेतकरी सवडीत होते, माणूस लोटला होता. पहिला शेतकरी दुकानापुढे आला, थबकला, जोडे काढले, राशीला हात लावून तो कपाळाला लावायला निघाला, पण मधेच हात मागे घेऊन लांबूनच नमस्कार करून गेला. दुसऱ्याने बायकोला खुणावलं. तिने कनवटीची कुंकवाची डबी काढून रेघेवर बोट टेकवलं. दहा वाजेपर्यंत राशीपुढे हळदकुंकू, दोन नारळ आणि उदबत्ती होती. बाराच्या सुमारास एक म्हातारे गृहस्थ डोळे मिटून बसले होते. सगळे कपाटाकडे पाठ करून उभे होते आणि फुटाणा एक खपला नव्हता.

सरूबाई विनवत होत्या. "घ्या ना बापू, विकाचेच हायेत."

"हो माय, घेऊ ना," जो तो म्हणे. "रास उचलली का सांगजा." आणि चिखलीवाल्याच्या कपाटातले मागच्या महिन्याचे नरमलेले फुटाणे घेऊन, ते चघळत, तो परत राशीच्या दर्शनाला येई.

दुपारी सरूबाई माझ्याजवळ आल्या. रागावल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. "मास्तर, तुमी मायं दुकान नाई लावलं. तुमी देऊळ बांधलं. आता मोडा हे."

आणि मी मोडलं असतं. असं मी पुढे पुष्कळ वर्षं लोकांना सांगितलं. पण खरं असं की त्याच वेळी जत्रेच्या बंदोबस्तावरचे एक अंमलदार समोर येऊन उभे राहिले. त्यांना दिसलं ते असं: सारवलेली जमीन, पांढरं कापड, जोडे काढून रांगेत उभे राहिलेले शांत शेतकरी, आणि एकही माशी नाही. उदबत्तीमुळे माशा नव्हत्या. जत्रेत असं दुकान त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

"आदर्श दुकान," ते म्हणाले. "हे कोणी लावलं?"

मी पुढे झालो.

त्यांनी माझं नाव लिहून घेतलं. उद्या मोठे साहेब दौऱ्यावर येत आहेत, त्यांना हे दाखवायचं, तुम्हाला सर्टिफिकिट देववतो, तोवर यातला एक दाणा हलता कामा नये. एवढं बोलून त्यांनी नथ्थू नावाचा चपराशी पट्टा-बिल्ल्यासकट दुकानापुढे उभा केला. म्हणजे सकाळपासून जे काम भाविक फुकट करत होते, त्याला आता सरकारी पगार सुरू झाला.

सरूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मी म्हणायला हवं होतं की साहेब, या बाईंचं वर्ष या ढिगात आहे. मी म्हणालो, "मावशी, एकच दिवस. मोठे साहेब पाहतील, तुमचं नाव होईल."

"मायं?" त्यांनी विचारलं.

माझ्या डोळ्यांपुढे ते सर्टिफिकिट चौकटीत बसलेलं होतं आणि गोविंदशेट ते वाचत होते.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब आले नाहीत. घाटात मोटार बिघडली असं कोणी म्हणालं, हरणाच्या मागे गेले असंही कोणी म्हणालं. नथ्थू मात्र हलला नाही. त्याला उभं राहण्याचा हुकूम होता, बसण्याचा किंवा जाण्याचा नव्हता. एका पोरसवदा गिऱ्हाइकाने धीर करून विचारलं, "पावशेर देता का?" तर नथ्थूने त्याला नाव-गाव विचारलं. तो पळाला. संध्याकाळी सरूबाईंचे दीर येऊन गेले. राशीला नमस्कार करून ते वहिनींना म्हणाले, "मी म्हनलं होतं ना." जाताना भट्टीच्या कढया किती आहेत ते मोजून गेले.

मी पाहत होतो आणि तरीही माझं मन सांगत होतं की साहेब उद्या सकाळी येतील. मांडणीवर रात्रीची थोडी धूळ बसली होती. मी ती कुंचल्याने झटकली.

तिसऱ्या दिवशी दुपार झाली. माणसं परतीची गाडी जुंपायच्या तयारीला लागली. सरूबाई उठल्या, हातपाय धुतले, डोक्यावर पदर घेतला आणि घरातून मापाची पितळी पायली घेऊन आल्या. नथ्थू आडवा आला.

"बाई, हुकूम हाय."

"कायचा?"

"रास हलवाची नाई."

"राशीले हुकूम चालत नाई, बापू," सरूबाई म्हणाल्या. "राशीले मुहूर्त लागते. अन मुहूर्त मालकीन काढते."

नथ्थूने आजूबाजूला पाहिलं. गावचे पाटील तिथेच होते. पाटलांनी मान डोलावली. "बरोबर हाय तिचं. रास तिची हाय." जमलेल्या शंभर शेतकऱ्यांनीही माना डोलावल्या. सरकारचं काय म्हणणं आहे ते त्यांना ऐकू आलं होतं, पण खळ्याची रीत सरकारच्या आधीची होती. नथ्थू स्वतः कुणब्याचा मुलगा. त्याने पट्टा काढला, घडी करून खांद्यावर टाकला आणि जोडे काढून बाजूला उभा राहिला.

मी तेवढा मधे पडलो. "मावशी, तासभर थांबा. साहेब वाटेत असतील."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. हळद वाहिली, कापूर लावला, पाया पडल्या. मग पूर्वेच्या अंगाने पायली राशीत खुपसली. माझी चार तासांची चढण एका बाजूने घसरत खाली आली. पायली काठोकाठ भरून त्या मोठ्याने म्हणाल्या, "लाभ." मापात एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. ते पहिलं माप देवीच्या गुरवाच्या झोळीत गेलं.

आणि माणसांनी रास वेढली. पूजेच्या राशीचे, तीन दिवस नमस्कार झालेले फुटाणे. कोणाला नको होते? धोतराचे सोगे, पदर, पिशव्या, टोप्या पुढे झाल्या. ज्यांनी कपाटातले घेतले होते त्यांनी ते बैलांना घातले आणि हे घेतले. दिवस मावळायच्या आत खाली अंथरलेलं पांढरं धोतर दिसू लागलं. दीर पायलीभर घेऊन गेले, रांगेत उभं राहून. मोठे साहेब आलेच नाहीत. पण जत्रेच्या कागदावर 'दुकाने समक्ष पाहिली, समाधानकारक' असा शेरा पडल्याचं नथ्थूने मला नंतर चिखलीच्या बाजारात सांगितलं.

हे सगळं छान झालं असं तुम्ही म्हणाल. छानच झालं. माझा त्यात काही वाटा नव्हता, एवढंच.

पण एक गोष्ट मी मघाशी गाळली, ती सांगितल्याशिवाय हा लेख संपवता येणार नाही. गुरवाच्या झोळीत पहिलं माप पडल्यावर विक्री लगेच सुरू झाली नव्हती. राशीला ज्यांचा ज्यांचा हात लागला त्यांचा हक्क आधी काढतात. खळ्यावर सुतार, लोहार, कुंभार आपापला वाटा न्यायला उभे असतात आणि त्यांना तो मागावा लागत नाही. सरूबाईंनी दुसरं माप भरलं, "दोन" म्हणाल्या आणि पायली दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

"घ्या, मास्तर. रास तुमी घातली."

मी रागाने जळत होतो. माझं सर्टिफिकिट त्या मापात भरून लोकांत वाटलं जात होतं. शंभर माणसं पाहत होती. मी म्हणालो, "मी काही बलुतेदार नाही. मी मलकापूरचा आर्टिस्ट आहे."

त्यांनी पायली मागे घेतली. मग म्हणाल्या, "बरं," आणि ते माप फळ्या करून देणाऱ्या सुताराच्या उपरण्यात ओतलं. त्याने ते डोळ्यांना लावलं. "तीन," सरूबाई म्हणाल्या, आणि गर्दी पुढे सरकली.

मी टोपली उचलून चिखलीच्या वाटेला लागलो. पुढे त्यांनी दोनदा निरोप पाठवला, जत्रेत रास घालायला या म्हणून. मी गेलो नाही. माझ्या कामाचं कौतुक पुष्कळांनी केलं, शाली मिळाल्या, आणि एका प्रदर्शनात शेवटी सर्टिफिकिटही मिळालं. ते वाळवीने खाल्लं. पण माझ्या हाताचा वाटा असा दोन्ही हातांनी पुढे करणारं माणूस मला एकच भेटलं, आणि मी त्याला नाही म्हणालो. त्या दिवशी सकाळपासून मी काही खाल्लेलं नव्हतं.